दोन पट्ट्यांच्या मधली जागा

१९८६ च्या जानेवारीत आपल्या शाळेच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता उंदरांनी कुरतडला. स्नेहसंमेलन बारा दिवसांवर आलं होतं. सरांनी झाकण उघडलं, भाता हलवला, तर सुराऐवजी नुसती हवा फुसफुसली. त्यांनी पेटी बंद केली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले. तो हात मला अजून दिसतो.

आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल, ही पेटी गावाने घेतली होती. घरटी एक पायली धान गोळा झालं, ते विकून पैसे उभे राहिले. ज्यांच्या घरी खायलाच कमी, त्यांनीही पायलीऐवजी ओंजळभर का होईना, दिलं. सकाळी तिच्यावर शाळेची प्रार्थना व्हायची, संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरची भजनं. दिवाळीनंतर दंडारीलाही, म्हणजे गावच्या लोकनाट्यालाही, तीच जायची. पायली देणाऱ्यांपैकी बरेच जण आज नाहीत. शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांची आठवण कुठेतरी असावी, म्हणून आधी हे लिहिलं.

पेटी नागपूरला न्यायला हवी होती. दहावीच्या सराव परीक्षा चालू असल्यामुळे सरांना हलता येईना. त्यांनी नववीतल्या आम्हा दोघांना बोलावलं, ऐंशी रुपये मोजून दिले, तिथल्या महाल भागातल्या दुरुस्तीवाल्याच्या नावाने चिठ्ठी दिली आणि म्हणाले, “पेटी मांडीवर धरा. आडवी करू नका.” एवढंच. परत किती वाजता यायचं, कुठे जायचं नाही, असं काही बोलले नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांवर कोणी एवढा विश्वास टाकला, की तो विश्वास पोरांना सरळ चालायला लावतो.

माझ्या सोबत्याने नाव छापू नको म्हणून बजावलं आहे, म्हणून त्याला मित्र एवढंच म्हणतो. जुने वर्गबंधू ओळखतीलच. प्रार्थनेच्या वेळी तो पेटीशेजारी उभा राहायचा आणि सर वाजवत असताना त्यांच्या बोटांकडे एकटक बघायचा.

पहाटे बैलबंडीने नागभीड गाठलं आणि छोट्या गाडीत बसलो. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली, रूळ रुंद करण्यासाठी. तिच्यात बसलेल्यांना तिचा वेग सांगायला नको. भिवापूर आलं तेव्हा ऊन वर आलं होतं. रुळांच्या कडेला मिरचीचे सातरे पसरलेले, जमीन लालभडक, आणि बाया डोक्याला फडकी बांधून मिरच्या खुडत बसलेल्या. डब्यातल्या सगळ्यांना ठसका लागला. मित्राने अंगावरची चादर काढली आणि पेटीवर घातली. तिखट आत जाऊन सूर खराब होतील अशी त्याला भीती वाटली.

अकराच्या सुमारास इतवारीला उतरलो. सायकलरिक्षाने महालात आलो. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला फुटलेले तबले, तारा नसलेली एक सतार, आणि मधोमध हार घातलेला वसंतराव देशपांड्यांचा फोटो. त्यांना जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मिस्त्रीकाकांनी आम्हाला फोटोकडे बघताना पाहिलं. “मूर्तिजापूरचा जन्म,” ते म्हणाले, “अन् गाणं शिकले इथं नागपुरात, शंकरराव सप्र्यांपाशी. आपल्याच भागातले.” आपल्याच भागातले, हे शब्द मी तोवर फक्त धान, मिरची आणि संत्र्यांबद्दल ऐकले होते.

काकांनी पेटी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं आतलं अंग पाहिलं. ओळीने बसवलेले पितळेचे सूर, प्रत्येकावर एक पातळ जिभळी. बाहेरून पट्टी दाबली की आतलं भोक उघडतं, भात्याची हवा त्यातून निघते आणि जिभळी थरथरते. काकांनी भात्याची फाटलेली पट्टी उचकटली, नवं चामडं कापलं आणि सरस लावला. “हे वाळले पाहिजे. चार वाजता या. सूर तेव्हा पाहू.”

चारेक तास मोकळे. हातात सरांचे पैसे, पण त्यातला एक पैसाही आपला नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक. आईने बांधून दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे गांधीसागर तलावाच्या काठावर बसून खाल्ले. मग चालत निघालो. सीताबर्डीची गर्दी पाहिली, अजबबंगल्यात पेंढा भरलेले प्राणी पाहिले. १८६३ सालचं हे वस्तुसंग्रहालय आहे, हे सरांनी वर्गात सांगितलेलं आठवत होतं, पण मित्राचं लक्ष तिथे नव्हतं. त्याला दीक्षाभूमीवर जायचं होतं.

त्याचा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे होता. पांढरं धोतर-सदरा घालून, गावातल्या इतर माणसांबरोबर तो नागपूरला आला होता. घरी परत आल्यावर त्याने सगळ्यात आधी पोरांना शाळेत घातलं, आणि म्हणूनच मित्राचे वडील शिकले, हे त्याने मला त्या दिवशी चालता चालता सांगितलं. तीन वर्षं एका बाकावर बसत होतो आम्ही, पण तोवर हे बोलणं झालं नव्हतं. आज दिसतो तो घुमट तेव्हा पूर्ण झालेला नव्हता, बांधकाम चाललं होतं. मैदान मात्र मोठं, उन्हात शांत. मित्र बोधिवृक्षापाशी चप्पल काढून उभा राहिला. मग मैदानाकडे बघून म्हणाला, “एवढ्या लोकाईत माह्या आजा कोठी बसला असन गा?”

मी काही बोललो नाही. आम्ही मैदानाला पूर्ण फेरी मारली. कुठेतरी ती जागा आपल्या पायाखालून गेली असेल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

चारला दुकानात परतलो तेव्हा भाता वाळला होता. काकांनी एक पट्टी दाबली. सूर आला, पण काका खूश दिसेनात. त्यांनी दुकानातली दुसरी पेटी जवळ ओढली आणि दोन्हींची तीच पट्टी एकदम दाबली. आवाजात लाटा उठू लागल्या, वॉव-वॉव-वॉव अशा. “सांगा पोट्टेहो, कोणती उतरली आहे?” मला काहीच कळलं नाही. मित्र लगेच म्हणाला, “आमची. थोडीशी खाली हाये.”

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी सूर बाहेर काढला आणि जिभळीच्या टोकाला बारीक कानस लावली. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो, हे त्यांनी त्याला दाखवलं. पुन्हा बसवला. लाटा संथ झाल्या. पुन्हा काढला, पुन्हा दोनदा कानस. आणि एका क्षणी लाटा थांबल्या. दोन पेट्यांचा एकच आवाज झाला. असे बारा-तेरा सूर त्यांनी जुळवले, आणि प्रत्येक वेळी मित्राला विचारलं. तासभर तरी गेला असेल.

काम करता करता ते पेटीबद्दल बोलत होते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे मला त्यांच्याकडून कळलं. मला वाईट वाटलं. आमच्या गावाने धान विकून घेतलेल्या वस्तूला कुणी दाराबाहेर ठेवलं होतं, असंच वाटलं ते. मी विचारलं, का बंदी? काकांनी दोन शेजारच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. “हा एक सूर, हा दुसरा. गाणारा या सुरावरून त्या सुरावर घसरत जातो. मधात जागा आहे. ते जागा पेटीत नाही, गळ्यातच असते.” मग फळीवर कापडात बांधून ठेवलेल्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, “आज धनवटे रंगमंदिरात गाणं आहे. हे साथीवाल्यांची पेटी सहापर्यंत पोचवायची आहे. तुम्ही दोघं धरा. मी सायकलनं येतो. मग तिथंच ऐका, दोन पट्ट्यांच्या मधात काय असते ते.”

दुरुस्तीचे त्यांनी पन्नास रुपये घेतले. चिठ्ठीवर हिशेब लिहून दिला.

विदर्भ साहित्य संघाचं ते रंगमंदिर बर्डीला, झाशी राणी चौकात होतं. आता ते राहिलं नाही. दोन पेट्या घेऊन आम्ही मागच्या दाराने आत शिरलो. आम्हाला वाटलं होतं पेटी ठेवायची आणि निघायचं. काकांनी विंगेत, पडद्याच्या आड, दोन खोके सरकवले. “इथं बसा. हलू नका.” आमची पेटी आम्ही पायांमध्ये धरली.

गाणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. सगळे त्यांना ताई म्हणत होते. हिरवट नऊवारी, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. दोन तानपुरे जुळवायला बराच वेळ लागला, आणि तो वेळ मला गाण्याइतकाच आठवतो. विंगेत लाउडस्पीकरचा आवाज येत नव्हता. तारांचा थेट आवाज यायचा, लाकडाच्या फळीतून पायांना जाणवायचा. पायांमधली आमची पेटीही हलकेच थरथरत असल्यासारखी वाटली.

ताईंनी सा लावला. मग रे, मग ग. घाई अजिबात नाही. तबल्यावर विलंबित एकताल, एक मात्रा गेली की दुसरी येईपर्यंत माणसाने गावच्या वेशीपर्यंत जाऊन यावं इतकी संथ. पाच-सात मिनिटं झाली असतील. मित्राने माझं मनगट घट्ट धरलं.

“हे तं आपली प्रार्थना होय गा!”

खरंच होतं. सरांनी शाळेच्या प्रार्थनेला भूप रागाची चाल लावली होती. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. रोज सकाळी साडेदहाला तीनशे पोरं ज्या पाच सुरांत एका दमात प्रार्थना म्हणून वर्गात पळायची, तेच पाच सूर इथे समोर होते. आम्ही ते दोन मिनिटांत संपवायचो. ताई अर्धा तास झाला तरी तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, शिवल्या नव्हत्या. गंधारावरच थांबत होत्या. तिथून पंचमाकडे बघायच्या, जायच्या नाहीत. परत यायच्या. आणि गंधारावरून रिषभावर उतरताना आवाज असा ओघळायचा, की मधल्या कोणत्याही ठिकाणी बोट ठेवता येऊ नये. साथीच्या पेटीवाल्याची बोटं त्या वेळी थांबायची. तो पट्टीवरून हात उचलायचा, ताई खाली पोचल्या की रिषभावर अलगद बोट टेकवायचा. मधली जागा त्याने मोकळी सोडली होती. काकांनी सांगितलं होतं ते हेच.

शेवटी त्या तार षड्जावर गेल्या तेव्हा सभागृहातून एकच आवाज आला, श्वास सोडल्यासारखा. मी मित्राकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं पेटीच्या बंद झाकणावर हलत होती.

ती बोटं पुढे थांबली नाहीत. आज तो वडशाच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असलेल्या गावोगावी रात्र रात्र नाटकं, पहाटे परत, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, जो तो नटांची नावं घेतो, पण अंधारात बसून नाट्यपदाला सूर देणारा माणूस मला मोठा वाटतो. मी बँकेत गेलो. गाता मला येत नाही, पण त्या रात्रीपासून ऐकता येतं, आणि ते या शाळेमुळे आलं.

गाणं संपलं तेव्हा दहा वाजून गेले होते. काकांनी विंगेत येऊन मित्राला एवढंच विचारलं, “कोणता सूर खटकला?” तो म्हणाला, “एकपण नाही.” काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रात्र इतवारीच्या फलाटावर काढली. थंडी कडाक्याची होती. एकच चादर होती, ती पेटीवर घातली आणि तिला मधे घेऊन दोघं दोन बाजूंनी टेकून बसलो. सकाळच्या गाडीने निघालो.

ती पेटी शाळेच्या सामानखोलीत अजून आहे. मागच्या महिन्यात मी जाऊन पाहून आलो. भात्याला काकांनी लावलेलं चामडं आता सुकून तडकलं आहे, सूर मात्र पितळेचे आहेत, जुळतील. महोत्सवाच्या दिवशी प्रार्थना तिच्यावरच व्हावी अशी विनंती मी समितीला केली आहे. दुरुस्तीचा खर्च आम्ही दोघं करू आणि वाजवायला मित्र येईल. हंगाम असला तरी येईन म्हणाला आहे.

त्या दिवशी दुपारनंतर शाळेत पोचलो. सरांनी आधी पेटी वाजवून पाहिली, मग हिशेब पाहिला, उरलेले पैसे मोजून घेतले. उशीर का झाला ते आम्ही खरं सांगितलं. रंगमंदिर, विंग, भूप, सगळं. सर ऐकत राहिले. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. “काय गायल्या?” विचारलं, आणि मित्राने हळूच गंधारावरून रिषभावर येऊन दाखवलं. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला त्यांनी पेटी घेतली. पहिली ओळ नेहमीच्या निम्म्या गतीने सुरू केली. पोरं पुढे पळू लागली की ते भाता थांबवायचे, वाट बघायचे, पुन्हा तिथूनच. तीनशे पोरं हळूहळू त्यांच्या गतीला आली. पहिल्या तासाची घंटा त्या दिवशी उशिरा वाजली.