प्रकाशित केलेली आवृत्ती परत घेता येत नाही

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘डेसिमलफॉरमॅट’ या आकडे मांडणाऱ्या क्लासला (तयार कोडच्या घटकाला) १२,३४,५६७ असा आकडा लिहिता येत नाही. नमुन्यात स्वल्पविराम कितीही ठिकाणी दिले, तरी तो क्लास शेवटच्या स्वल्पविरामानंतरचे अंतर तेवढे ध्यानात घेतो आणि सगळे गट त्याच अंतराने पाडतो. त्यामुळे आपल्या लाख-कोटींच्या जागी १,२३४,५६७ उमटते. आयसीयूफोरजे या लायब्ररीत (इतर प्रोग्रामांत वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात) ही सोय आहे, पण तिची जार फाइल (जावाचा कोड बांधून दिलेली फाइल) १० एमबीहून मोठी असते, आणि पावतीवर रक्कम छापण्यासाठी एवढे ओझे प्रकल्पात आणणे मला पटेना. म्हणून हिंजवडीला जाता-येता बसमध्ये आणि रात्री कोथरूडच्या घरी बसून मी एक लहान लायब्ररी लिहिली: रकमेत स्वल्पविराम योग्य जागी घालणारी, देवनागरी अंक छापणारी आणि तीच रक्कम मराठी शब्दांत लिहून देणारी. (उलट दिशेचे काम, म्हणजे देवनागरी अंक वाचणे, जावा स्वतःच करते: ‘इंटिजर’च्या ‘पार्सइंट’ला ‘१२३’ दिले, तर ते नीट वाचले जाते.)

सर्वाधिक वेळ शब्दांनी घेतला. मराठीत शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे नियमाने तयार करता येत नाहीत, पूर्ण तक्ताच लिहावा लागतो. तो माझ्या आईने, जी निवृत्त शिक्षिका आहे, दोन संध्याकाळ बसून तपासला. ‘अडीच हजार’ की ‘दोन हजार पाचशे’ यावर आमची बरीच चर्चा झाली. पावती आणि धनादेश डोळ्यांसमोर ठेवून आम्ही दुसरे रूप निवडले, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

जावाच्या लायब्ररी जिथे सर्वांसाठी ठेवल्या जातात, त्या मेव्हन सेंट्रलवर लायब्ररी ठेवण्यासाठी नामावकाश (लायब्ररीच्या नावाआधीचा उपसर्ग) आपला असल्याचे सिद्ध करावे लागते, जार फाइलसोबत मूळ कोडची व जावाडॉकची (कोडच्या माहितीपानांची) अशा आणखी दोन जार फाइली द्याव्या लागतात, प्रत्येक फाइलवर पीजीपी ही डिजिटल स्वाक्षरी करावी लागते आणि पॉममध्ये (लायब्ररीची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) परवाना नमूद करावा लागतो. मी अपाचे २.० परवाना निवडला. हे सगळे एका रविवारी उरकले. खरी गोष्ट पुढची आहे: तिथे एकदा प्रकाशित झालेली आवृत्ती बदलता येत नाही आणि काढूनही टाकता येत नाही. हा नियम मला मनापासून आवडतो, कारण आज चालणारे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) पाच वर्षांनीही तीच फाइल आणू शकले पाहिजे; मात्र त्यामुळे आपली चूकही तिथे कायमची राहते.

माझी चूक १.०.१ मध्ये राहिली. लायब्ररी जावा ८ वर चालेल असे मी लिहिले होते, कारण २०१४ साली आलेल्या त्या जावावर पुण्यातल्या कितीतरी पतसंस्थांची आणि दुकानांची हिशेबप्रणाली अजून चालते, असा माझा अनुभव आहे. मी बिल्ड जेडीके १७ वर (जावा १७ च्या विकाससंचावर) करत होतो आणि कंपायलरचे (कोडचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचे) ‘सोर्स’ व ‘टार्गेट’ हे दोन्ही पर्याय ८ ठेवले होते. पण या दोन पर्यायांनी भाषेचे नियम आणि क्लास फाइलची आवृत्ती तेवढी ठरते. कोणत्या मेथड (क्लासने पुरवलेल्या क्रिया) उपलब्ध आहेत, हे कंपायलर जेडीके १७ मध्येच पाहतो. एका ठिकाणी मी ‘स्ट्रिंग’ या क्लासची ‘इजब्लँक’ ही मेथड वापरली होती, जी जावा ११ मध्ये आली. कंपायलरने इशारा दिला, मी तो वाचला नाही, आणि एका परिचिताच्या ग्राहकाकडे ऐन महिनाअखेरीस पावती छापताना ‘नोसचमेथडएरर’ (अशी मेथडच नाही, हा दोष) आला. त्याच रात्री मी ‘रिलीज ८’ हा पर्याय लावून १.०.२ प्रकाशित केली. हा पर्याय जावा ८ च्या मेथडपलीकडचे काही कंपाइलच होऊ देत नाही. आता प्रत्येक बदलानंतर चाचण्या खऱ्या जावा ८ वरही चालतात.

दुसरी चूक अधिक साधी होती. गट पाडणारा एक अंतर्गत क्लास मी ‘पब्लिक’ (सर्वांना वापरता येणारा) ठेवला होता. तो ‘पब्लिक’ नसता, तर पॅकेजबाहेर (त्याच्या क्लासगटाबाहेर) कोणाला दिसलाच नसता. काही महिन्यांनी एकाने त्यातील दोष कळवला, तेव्हा कळले की तो थेट वापरात आहे. दोष दुरुस्त केला, पण क्लास काढणे म्हणजे त्याचे बिल्ड मोडणे. १.१ मध्ये त्याला ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नये) अशी खूण केली आणि पर्यायी मेथडचे नाव जावाडॉकमध्ये लिहिले. तो क्लास २.० मध्ये निघेल. तोवर त्याच्याही चाचण्या इतरांसोबत चालतात.