चल्लसआठ फोनवर आणताना

मी लातुरात राहते आणि पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी गेम डिझाइन आणि यूएक्स, म्हणजे ॲप वापरणं सोपं करण्याचं, डिझाइन करते. दर दुसऱ्या घरात नीटची तयारी चालणाऱ्या शहरात हे काम समजावून सांगणं अवघड. शेजारच्या काकूंच्या हिशेबी मी दिवसभर मोबाइल खेळत बसते आणि कुणीतरी त्याचे पैसे देतं. चल्लसआठचा गेम करायचा ठरलं, तेव्हा मात्र आळीतल्या प्रत्येकीला माझ्या कामावर मत देता आलं. दिलंही.

ज्यांनी खेळलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच बाय पाचचा पट, २५ घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमध फुली. तिथे सोंगटी मारता येत नाही. फोडून घासलेले चार चिंचोके टाकायचे. जितके पांढरे वर तितकं दान, चारही पांढरे म्हणजे चल्लस, चारही काळे म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा दान. सोंगट्या बाहेरच्या घरांतून फिरतात. समोरच्याची एक तरी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही.

यूएक्सवाला माणसाच्या वाटेतल्या अडचणी काढत असतो. गेम डिझायनर त्या मुद्दाम घालतो. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की दिवसातून दहादा ठरवावं लागतं, की समोर दिसतेय ती अडचण खेळाची आहे की फोनची. खेळाची असेल तर हात लावायचा नाही.

सुरुवात नियम गोळा करण्यापासून केली. औशाकडच्या एका गावात दोन सोंगट्या एका घरात आल्या की जोडी होते, उदगीरकडून आलेल्या मावशींना हे मान्यच नाही. सलग तीनदा आठ पडलं की दान जळतं की नाही, यावर एका ओसरीवर चांगलंच वाजलं. मी मधे पडले नाही. लोक ज्या नियमावर भांडतात तो त्यांना महत्त्वाचा असतो, म्हणून तो सेटिंगमध्ये गेला. ज्यावर कुणीच भांडलं नाही तो थेट कोडमध्ये गेला.

मग गणित. प्रत्येक चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असं धरलं, तर चार चिंचोक्यांचे १६ प्रकार होतात. त्यात एकदा चल्लस, एकदा आठ, चारदा एक, सहादा दोन आणि चारदा तीन. सरासरी दान अडीच. एका सोंगटीला सुरुवातीच्या फुलीपासून मधल्या घरापर्यंत २४ घरं चालायची आहेत. चार सोंगट्यांची ९६ झाली, म्हणजे एकही सोंगटी न मरता एका खेळणाऱ्याला ३८च्या वर दानं लागणार. चौघांची दीडशे. एका दानाला १० सेकंद धरले तरी २५ मिनिटं गेली, आणि मारामारी धरली तर तासभर सहज. मे महिन्याच्या दुपारी ओसरीवर तास काहीच नाही; बाहेर जाऊन करणार काय? पण एसटीची वाट बघत फोन काढणाऱ्याला तो परवडत नाही. म्हणून दोन सोंगट्यांचा छोटा डाव वेगळा केला. सोंगटी मारल्याशिवाय आत न शिरण्याचा नियम काढून टाकला असता तर डाव आणखी आटोपशीर झाला असता, स्टुडिओतून तशी सूचनाही आली होती. मी अडून बसले. तो नियम काढला तर उरते ती नुसती घरं मोजायची शर्यत.

फोनच्या अडचणी मात्र निर्दयपणे काढल्या. अँड्रॉइडच्या शिफारशीनुसार बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी (पडद्यावरची लांबी-रुंदी मोजायचं अँड्रॉइडचं माप) हवी. ३६० डीपी रुंदीच्या स्वस्त फोनवर, कडा सोडून, एक घर ६५ डीपीचं होतं, म्हणजे ठीक. पण फुलीच्या घरात चौघांच्याही सोंगट्या येऊन बसतात, आणि मग प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ३० डीपी उरतात. जाड बोटांच्या आजोबांनी हवी ती सोंगटी सोडून भलतीच पुढे नेली की पुढचा सगळा डाव रुसवा. शेवटी घर दाबलं की आतल्या सोंगट्या बाहेर पसरतात, अशी सोय केली. रंगांचा प्रश्न तर मूळ खेळाने आधीच सोडवलेला होता. ओसरीवर एकीचे खडे असतात, एकीच्या बांगडीच्या काचा, एकीचे मक्याचे दाणे. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यालाही ते ओळखू येतात. आमच्या आर्टिस्टने चार रंगांच्या गुळगुळीत गोट्या काढल्या होत्या, त्या बाजूला ठेवून खडे आणि काचाच घेतल्या.

चाचणीसाठी पंचमीचा मुहूर्त धरला, कारण तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात आणि खेळायला माणसं शोधावी लागत नाहीत. यूएक्समधले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलेलं 'चाचणीला पाच माणसं पुरतात' हे सूत्र आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. न सापडणारं बटण शोधायला पाच पुरतात, हे खरंच. पण डाव खोटा वाटतोय हे कळायला माणसांना डाव हरू द्यावा लागतो.

आणि तो खोटा वाटत होता. बॉटशी, म्हणजे फोनच खेळवतो त्या खेळाडूशी, खेळून हरलेल्या एक मावशी फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "पोरी, लबाड हाय बघ तुझा मोबाइल. त्यालाच बरं सारखं आठ पडायलंय." मी लॉग, म्हणजे पडलेल्या प्रत्येक दानाची फोनमधली नोंद, काढून बघितला. तसं काही नव्हतं. सलग १० दानांत एकदाही चल्लस किंवा आठ न पडण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास येते. चौघं खेळत असली की कुणीतरी वैतागणारच. वेरूळच्या २१व्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत, आणि पुराणांतल्या गोष्टींत त्यांचंही फाशांवरून भांडण होतं. तिथे लॉग दाखवून काय होणार?

बाजूला बसून बघत राहिले तेव्हा कारण दिसलं. बॉटचं दान क्षणात पडायचं आणि सोंगटी लगेच सरकायची. माणूस चिंचोके मुठीत खुळखुळवतो, टाकतो, मोजतो. आम्ही वेळ वाचवायला बॉटचं हे सगळं कापलं होतं, आणि जे दिसत नाही त्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. मग बॉटलाही खुळखुळवायला लावलं, चिंचोके पटावर उलटेसुलटे होताना दाखवले, आणि डाव संपल्यावर कुणाला किती चल्लस, किती आठ पडले याचा तक्ता दिला. शक्यतांना हातही लावला नाही. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, त्या मावशींची सोडून.

सध्या वाद वेगळाच आहे. घरात खेळताना आजी नातवाची सोंगटी टप्प्यात असूनही सोडून देते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणून सोप्या पातळीवर आमचा बॉटही समोरच्याची पहिली सोंगटी मारत नाही, दुसरीकडे चाल करतो. हे खेळणाऱ्याला सांगायचं का? मी म्हणते, नियमांच्या पानावर लिहा, ज्याला वाचायचं तो वाचेल. प्रोग्रामर म्हणतो, आजी कधी सांगते का? गेमच्या पुढच्या बिल्डपर्यंत, म्हणजे पुढच्या आवृत्तीपर्यंत, ठरवायला हवं.