२७ ठोके

मंगळवार, सकाळी

दहा सेकंदांत २७. गळ्याच्या एका बाजूला, जबड्याखाली दोन बोटं हलकेच टेकवून मोजले. सहाने गुणले की १६२. मनगटावरचं घड्याळही तेच दाखवत होतं, म्हणजे ते बरोबर होतं.

मोजले, कारण विश्वासच बसेना. सुट्टीआधी याच रस्त्याला पळताना, याच वेगाला, किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, ठोके १४८ च्या आसपास असायचे आणि पूर्ण वाक्य बोलता यायचं. आज दुसरा किलोमीटर संपायच्या आत १६२, आणि तीन शब्दांनंतर धाप.

घड्याळावर संशय घ्यायला जागा असतेच. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतो. पट्टा सैल असला किंवा हात गार पडलेले असले की तो पावलांच्या हिसक्यांनाच नाडी समजतो. पळताना मिनिटाला १६०-१८० पावलं पडतात, त्यामुळे तो आकडा खराही वाटतो. ओळखायचं कसं, तर पहिल्या एक-दोन मिनिटांतच ठोके एकदम उडी मारतात, पावलांच्या आकड्याला चिकटून बसतात आणि चढ आला तरी जागचे हलत नाहीत. अशा वेळी पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट करायचा आणि एकदा थांबून हाताने मोजायचं. तेही पहिले दहाच सेकंद, कारण थांबल्या क्षणापासून ठोके उतरू लागतात. मिनिटभर मोजत बसलं तर खोटा दिलासा मिळतो.

पट्टा घट्ट होता. हाताने मोजले तरी २७.

पळणं बंद होऊन सतरा दिवस झाले होते. सतराच.

दमल्याचं काही नाही, दमणं ओळखीचं आहे. लागलंय ते हे, की इतक्या लवकर? १६२ वरून १४८ वर यायला किती महिने गेले ते वहीत आहे, पान उघडलं की दिसतं. एकेक ठोका खाली यायला आठवडे लागले होते, आणि परत वर जायला सतरा दिवस पुरले. शरीराने धरून ठेवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं. तिकडे बूट नेले होते, पण... असो.

इतक्या लवकर नेमकं गेलं काय, ते मात्र नीट बघायला हवं.

नियमित पळणाऱ्याच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढलेला असतो. त्यामुळे हृदय जास्त भरतं आणि एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलतं. पळणं थांबलं की हे जादा पाणी शरीर काही दिवसांतच सोडून देतं. मग प्रत्येक ठोक्यामागे रक्त कमी निघतं, स्नायूंची मागणी तेवढीच राहते, आणि ती पुरवायला ठोके वाढवण्यावाचून हृदयाला इलाज नसतो.

एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सात कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून त्यांना १२, २१, ५६ आणि ८४ दिवसांनी तपासलं होतं. ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, २१ दिवसांत ७ टक्के उतरली, ५६ दिवसांपर्यंत १६ टक्के, आणि तिथे स्थिरावली. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं मात्र ८४ दिवसांनंतरही कमी झालेलं नव्हतं. १९८६ मध्ये पुढचा अभ्यास आला. दोन ते चार आठवडे सराव बंद असलेल्यांच्या रक्ताचं आकारमान ९ टक्के घटलं होतं. शिरेवाटे द्रव देऊन ते पूर्ववत केलं, तर एका ठोक्यामागे निघणारं रक्त जवळजवळ जुन्या पातळीवर आलं. एक किलोमीटरही न पळता.

सकाळपासून घशाशी दाटलेलं काहीतरी या वाक्याशी सैल झालं. सतरा दिवसांत गेलेल्यात मोठा वाटा पाण्याचा आहे. स्नायूंच्या पेशींमधली विकरं (एन्झाइम्स) घटतात तेही खरं, आणि ती पुन्हा वाढायला आठवडे लागतात. पण महिनोन्‌महिने विणलेलं केशवाहिन्यांचं जाळं तिथेच आहे. शरीराने धरून ठेवलं नाही हे म्हणणं अर्धंच खरं निघालं. जे वापरात नव्हतं आणि झटकन परत भरता येतं, ते त्याने आधी सोडलं.

तरी १६२ डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि खरी भीती त्याच्या पुढची आहे. पाणी जसं लवकर जातं तसं परतही लवकर येतं. आठवडा-दहा दिवस पळलं की श्वास मोकळा होतो, ठोके उतरतात, वाटतं झालं, आलो जागेवर. टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरी टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, आणि नडगीचं हाड मात्र त्या वेगाने तयार होत नाहीत. कंडरेला रक्तपुरवठा कमी, हाडाची झीज-भर महिन्यांच्या हिशेबाने चालते, आणि दोघांचाही आकडा कुठल्या घड्याळावर दिसत नाही. म्हणूनच परतलेल्या माणसाचं दुखणं पहिल्या दिवशी क्वचित येतं. ते दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतं, श्वास साथ देऊ लागल्यावर. श्वास हो म्हणतो आणि आपण त्याचंच ऐकतो.

प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा हिशेब मला इथे सर्वांत शहाणा वाटतो. खंड पाच दिवसांपर्यंतचा असेल तर काहीही कमी करायचं नाही. ६ ते २८ दिवसांचा असेल तर जितके दिवस खंड तितक्याच दिवसांत परतायचं: पहिला अर्धा काळ निम्म्या भाराने, दुसरा अर्धा पाऊण भाराने. आठवड्याला ४० किलोमीटर होत असतील तर आधी साधारण नऊ दिवस आठवड्याला २० च्या गतीने, मग आठ दिवस ३० च्या. २० म्हणजे एकाआड एक दिवस पाच-पाच किलोमीटर. पहिल्या टप्प्यात इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात पळणं) नाही, टेम्पो (सलग जोरात पळणं) नाही. दुसऱ्यात सोप्या रनच्या शेवटी, सपाटीवर, २० सेकंद मोकळेपणाने जलद पळायचं, असं चार-सहा वेळा. मध्ये पूर्ण श्वास परत येईपर्यंत चालायचं.

वेगाचं काय? पहिले दहा दिवस वेग ठरवायचाच नाही, ठोके ठरवायचे. माझी मर्यादा १४८. त्यासाठी साडेसात मिनिटांचा किलोमीटर झाला तर तसा, चढावर चालावं लागलं तर चालायचं. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, असं सुरुवातीपासून केलं तर उत्तम. दमल्यावर चालायला लागलं की तोवर ठोके वर जाऊन बसलेले असतात आणि एका मिनिटात उतरत नाहीत. ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याने पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. मध्येच श्वास घ्यावा लागला की वेग जास्त आहे.

पोटऱ्यांकडे आजपासूनच बघायचं. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहून टाच वर, मग तीन सेकंद घेत हळूहळू खाली. प्रत्येक बाजूला १२ ते १५, तीन वेळा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर भार खालच्या, आतल्या पोटरीवर जातो आणि पळताना तीच जास्त राबते. जिथे टाच थरथरते तिथे मोजणं थांबवायचं. दोन्ही पायांचा आकडा सारखा नसेल तर कमजोर बाजूच्या आकड्यावर दोन्ही थांबवायचे.

नव्या बुटांचा मोह इथेच होतो, नवी सुरुवात म्हणून. नको. बुटाच्या टाचेच्या आणि पुढच्या भागाच्या उंचीतला फरक १० मिलिमीटरवरून ४ वर आला की पोटरी आणि कंडरेवरचा ताण त्याच दिवशी वाढतो, आणि हा आठवडा त्यासाठी सर्वांत वाईट. पहिले तीन आठवडे जुनेच बरे.

उद्या पाय दुखतील, परवा जास्त. अशा दुखण्याचा जोर साधारण दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, उतारावर पळलं असेल तर मांड्यांत विशेष. दोन्ही पायांत, पसरलेलं, चालायला लागल्यावर सैल होणारं दुखणं चालेल. एकाच पायात, नडगीच्या आतल्या कडेला बोटाच्या पेराएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं तिथेच बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागे आखडलंय आणि ते रोज थोडं वाढतंय, तर भार कमी करायचा, श्वास कितीही मोकळा असो.

हे सगळं माहीत होतं. सुट्टीवर जायच्या आधीही माहीत होतं. तरी सकाळी ६:४० नेच सुरुवात केली, कारण तो वेग माझा आहे असं वाटत होतं. एवढंच खुपतंय अजून. तो माझा होता म्हणजे काय, हे कळत नाहीये. रक्तातल्या थोड्या जास्त पाण्यावर तो उभा होता, आणि ते पाणी पळण्याने टिकत होतं. पळणं थांबलं, ते गेलं. पळायला लागले की येईल. यात रागवायचं कोणावर?

घड्याळाच्या पडद्यावरून वेगाचा रकाना काढून टाकला. आता दोनच आकडे दिसतात, वेळ आणि ठोके. गुरुवारी पाच किलोमीटर, चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं.

दादांचा मेसेज येऊन पडलाय, "रविवारी पंधरा किलोमीटरला येतेस ना?" पाचच करेन म्हणून कळवायचं आहे. अजून लिहिलेलं नाही.