तुम्ही विचारलंत म्हणून: चाचणी मी का देत नाही

कार्यशाळा संपली की कुणीतरी चहाचा कप घेऊन जवळ येतं आणि तेच विचारतं. "मॅडम, नोट्स देता, प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यांचे, म्हणजे संविधान तक्त्यांचे, नमुने देता, पदविश्लेषणाची एक्सेल शीटसुद्धा देता. मग बुद्धिमापन चाचणी मागितली की हात का आखडता घेता?" माघारी काय बोललं जातं तेही कानावर येतं. एकदा नीट सांगते.

जे देते ते मनापासून देते. पदविश्लेषण म्हणजे परीक्षेतला एकेक प्रश्न कसा उतरला ते तपासणं. शंभर उत्तरपत्रिका गुणांप्रमाणे लावायच्या, वरच्या २७ आणि खालच्या २७ घ्यायच्या, प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते मोजायचं. एवढ्यावर शिक्षकाला दिसतं की अमुक प्रश्नाला चांगली मुलंच अडखळली, म्हणजे दोष प्रश्नातच होता. हे मराठीतून समजावणारं काही मी शिकत असताना माझ्या हाती लागलं नाही. म्हणून ती शीट ज्याला हवी त्याची आहे.

चाचणीही एके काळी तशीच देत होते. मापनाचं साधन कपाटात ठेवणं म्हणजे वजनकाटा झाकून ठेवणं, असं मीच वर्गात म्हणायचे. प्रबंधासाठी मागितली म्हणून एका शिक्षकाला आमच्या गटाने बनवलेल्या चाचणीची झेरॉक्स दिली, उत्तरसूचीसकट. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुढे ती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरली.

काही महिन्यांनी नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर बसला. शाळेने तपासणीला पाठवलं होतं. सुरुवातीची उत्तरं इतकी भराभर आली की मला आनंदच झाला. मग चुकून माझ्याकडून एक प्रश्न गाळला गेला. मी पुढचा विचारला आणि त्याने गाळलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मी थांबले. पुन्हा पुढचाच विचारला, तर तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला प्रश्न ऐकायचेच नव्हते, ओळीने उत्तरं म्हणायची होती, पाढ्यांसारखी. क्रम मोडल्यावर त्याचे डोळे भरून आले.

बाहेर आई बसली होती. तिने काही लपवलं नाही. "महिनाभर रोज घेतलाय अभ्यास, मॅडम. शाळेतून काढू नयेत म्हणून."

तिला मी काय सांगणार होते? की त्याचे गुण सरासरीत आलेत, आणि ते खोटे असल्यामुळे त्याला लागणारी मदत आता अडणार आहे? अहवालावर 'निष्कर्ष ग्राह्य नाही' असं लिहिलं. त्याच्या भाषेत, त्याच्या वयाची प्रमाणके (त्या वयाची मुलं सहसा किती गुण मिळवतात याचे आकडे) असलेली दुसरी चाचणी त्या वेळी माझ्यापाशी नव्हती. ते वर्ष त्याने वर्गात तसंच काढलं. झेरॉक्स माझ्या हातून गेली होती.

वजनकाटा आधी बघितल्याने कुणाचं वजन बदलत नाही. चाचणीचं तसं नाही, हे मला ठाऊक होतं, मी ते शिकवतही होते. तरी दिली.

आता म्हणाल, मग कपाटच बरं. तेही मला म्हणवत नाही. व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूपांतर केलं, त्यावरचं पुस्तक १९४० साली आलं. त्या चाचणीचं नाव आजही दवाखान्यांतल्या अहवालांवर दिसतं. मधल्या काळात मुलं बदलली, घरं बदलली, शब्द बदलले. जुन्या प्रमाणकांवर आजचं मूल मोजलं की आकडा सहसा फुगतो. नवी प्रमाणके करायला हजारो मुलांची उत्तरं लागतात, आणि ज्याच्याकडे जी आहेत ती तो दाबून ठेवतो. आम्हीही ठेवली होती. अलीकडे मुलांची नावं काढून, प्रश्नांऐवजी फक्त क्रमांक ठेवून ती उत्तरं आम्ही देऊ लागलो आहोत. विश्वसनीयता, म्हणजे चाचणीच्या निकालावर किती भरवसा ठेवता येतो ते, काढायला, प्रमाणके पडताळायला तेवढी पुरतात. मूल मोजायला मात्र पुरत नाहीत, आणि मागणाऱ्याला बहुतेक वेळा मूलच मोजायचं असतं.

गेल्या महिन्यात एका वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. जवळपास मानसतज्ज्ञ नाही, पोरगं तिसरीत आहे, अक्षरं ओळखत नाही. चाचणी पाठवा म्हणाल्या. मी नाही म्हटलं. शनिवारी मीच चाचणीची पेटी घेऊन येते असं कळवलं. अशा किती शाळांना मी जाणार, हे त्यांनी विचारलं नाही.