कॉम्प्रेशन कमी निघालं म्हणजे रिंगच गेली असं नाही

इंदुरात सीएनजीवर दीड लाखाच्या पुढे पळालेली गाडी आयडलवर थरथरू लागली की गॅरेजचा निकाल ठरलेला: "रिंग बैठ गई, इंजिन खोलना पडेगा." रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची, दाब रोखून धरणारी कडी. माझ्या गाडीचं निदानही असंच झालं, तेही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजायचा गेज न लावता. ९९८ सीसीचं तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, मीटरवर १ लाख ६८ हजार. इंजिन उतरवण्याआधी गळती नेमकी कुठून होते ते पाहायचं ठरवलं आणि दोष हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागात, निघाला. रिंगांना हात लावावा लागला नाही.

प्लग आणि कॉइल एका सिलेंडरवरून दुसऱ्यावर फिरवून पाहिले, तरी मिसिंग (ठोका चुकणं) दोन नंबरलाच राहिलं. म्हणजे स्पार्कचा प्रश्न नाही. कान देणारा माणूस गेजच्या आधीच पुष्कळ ओळखतो. इंधन बंद करून स्टार्टर फिरवला की निरोगी इंजिन एका ठेक्यात फिरतं. इथे दर तिसऱ्या ठोक्याला स्टार्टर मोकळा धावत होता, कारण त्या वेळी त्याला दाबायला फारसं काही नव्हतं.

गेज स्क्रूवालाच घ्या. भोकावर दाबून धरायचा रबरी टोकाचा गेज जुन्या इंजिनावर सहसा भरवशाचा आकडा देत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: गेजच्या नळीच्या टोकाशी जो छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याची स्प्रिंग खास हलकी असते. तो खराब झाला म्हणून कुणी टायरचा साधा व्हॉल्व्ह बसवला की प्रत्येक सिलेंडर कमी दाखवतं. उसना गेज असेल तर आधी चांगल्या गाडीवर लावून बघा.

इंजिन रेडिएटरचा फॅन एकदा लागेपर्यंत गरम केलं. सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडलेले. इंजेक्टर चालू राहिले तर पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि आकडा खोटा येतो. प्लग सैल करण्याआधी खाचेत हवा मारायलाच हवी; तिथली वाळू आत पडून व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो ती जागा) बसली तर नसलेली गळती दिसते. मग तिन्ही प्लग बाहेर, एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली, आणि प्रत्येक सिलेंडरला काटा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात दाब. शेवटी पहिलं सिलेंडर पुन्हा मोजलं. दरम्यान बॅटरी उतरली असती तर तिथेच कळलं असतं.

आकडे आले असे: एक नंबर १७२ पीएसआय, दोन नंबर ९८, तीन नंबर १६८.

या आकाराच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये नव्याचा आकडा २०० च्या आसपास, किमान मर्यादा १६० आणि सिलेंडरांमधला फरक जास्तीत जास्त १४-१५ पीएसआय असा असतो. पण हे आकडे समुद्रसपाटीचे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच सहा टक्क्यांनी कमी. २०० चे इथे १८७-१८८ होतात. त्या हिशेबाने एक आणि तीन नंबर या वयाला उत्तम आहेत. मुंबईच्या गाडीचा आकडा समोर ठेवून इथल्या इंजिनाला नावं ठेवू नयेत. तिन्ही सिलेंडर सारखेच खाली असते तर मी आधी टायमिंग चेन पाहिली असती. शेजारशेजारची दोन पडली असती तर हेड गॅस्केट.

आता ओली टेस्ट. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह, असं सगळे सांगतात. किती ऑइल, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि गडबड तिथेच होते. या इंजिनाचं एक सिलेंडर ३३३ सीसीचं. १० ला १ कॉम्प्रेशन रेशो धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा फक्त ३७ मिलि. त्यात १० मिलि ऑइल ओतलं तर २७ मिलि उरते, रेशो १३ च्या वर जातो, आणि रिंग धडधाकट असली तरी काटा झपकन चढतो. गॅरेजमध्ये ऑइलच्या कॅनमधून अंदाजाने धार सोडतात, मग रिंग दोषी ठरणारच!

म्हणून सिरिंजने मोजून ५ मिलि, आणि तेवढंच चांगल्या सिलेंडरलाही. एक नंबर १७२ वरून १९४ झालं, दोन नंबर ९८ वरून ११०. टक्क्यांत दोन्हीकडे वाढ सारखीच, म्हणजे ही वाढ ऑइलने खाल्लेल्या जागेची. रिंगमधून गळती असती तर दोन नंबर याहून कितीतरी वर गेलं असतं.

त्यानंतर कॉम्प्रेसर लावून लीकडाउन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा भरून तिच्यातली किती टक्के गळते ते पाहणं. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणायचा. भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवला आणि हवेने अंगठा ढकलला की तोच स्ट्रोक. इथे सांभाळायला हवं: ७३ मिमीच्या पिस्टनवर १०० पीएसआय म्हणजे जवळपास ३०० किलोचा जोर. पिस्टन केसभर जरी पुढे-मागे असला तरी क्रँक झटक्याने फिरतो. हवा सोडण्याआधी पाना पुलीवरून काढलेला असला पाहिजे, नाहीतर मनगट गेलं.

एक नंबरला १२ टक्के हवा जात होती, दोन नंबरला ५५. मग आवाज कुठून येतो ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून, जिथे रिंगची गळती ऐकू येते, थोडी फुसफुस सगळ्याच सिलेंडरांना होती, ती चालते. थ्रॉटल बॉडी शांत, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह ठीक; रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेली कागदाची पट्टी मात्र फडफडत राहिली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

टॅपेट कव्हर काढून थंड इंजिनावर गॅप मोजला, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणारा टॅपेट आणि त्यावरचा कॅम यांच्यामधली फट. दोन नंबरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ०.०५ मिमीचं पातंही शिरेना. कारण सीएनजीत आहे. गॅस कोरडा, पेट्रोलचे थेंब वाफ होताना जो थंडावा देतात तो गॅसमध्ये मिळत नाही, आणि मिक्श्चर लीन (हवा जास्त, इंधन कमी) असेल तर ताप आणखी वाढतो. सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह तिच्यात रुतत वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप मिटतो. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून घालवतो. टेकला नाही की कड जळते. यात टॅपेट वाजत नाही, उलट गाडी जास्तच शांत वाटते. वाजणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात, खरी भीती न वाजणाऱ्याची.

प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा कॅमेरा घातला. शेजारचा व्हॉल्व्ह सगळीकडून सारखा तपकिरी, याच्या कडेवर एका बाजूला पांढुरका चट्टा. सिलेंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात घासताना उमटलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. त्या रेघा पाहिल्यावर रिंगचा विषय संपला.

नुसते पातळ टॅपेट टाकून भागलं नसतं, व्हॉल्व्ह जळलेला होता. हेड पूर्ण थंड झाल्यावर, बोल्ट बाहेरून आत टप्प्याटप्प्याने सोडत उतरवलं. गरम ॲल्युमिनियम वाकतं. सरळ पट्टीखाली ०.०५ चं पातं कुठे शिरलं नाही, त्यामुळे फेसिंगची (हेडचा तळ घासून सपाट करण्याची) गरज पडली नाही. सगळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट कटिंग, पेस्टने लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं), सगळे व्हॉल्व्ह सील नवे. मग हेड उलटं ठेवून, प्लग लावून, खोलगटात रॉकेल भरलं. दहा मिनिटांत पोर्टमध्ये ओल दिसली तर लॅपिंग पुन्हा. ही टेस्ट आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह आणखी वर येतो, म्हणून जुने टॅपेट तसेच बसवता येत नाहीत. हिशेब सोपा: जुनी जाडी अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. तेवढ्या जाडीचा टॅपेट इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कुठेच मिळाला नाही तर मशीनवर व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक किंचित घासून घेतात, पण ते चौरस राहिलं पाहिजे.

जोडणीनंतर काही दिवस चालवून पुन्हा मोजलं: १७६, १७१, १७३. मानपूरच्या घाटात आता तिसऱ्या गिअरवर ओढते. सीएनजी किटचं ट्यूनिंग लीन निघालं, तेही दुरुस्त करून घेतलं. दर २० हजारांना गॅप मोजायचं ठरवलं आहे. त्याला टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि पात्यांचा संच एवढंच लागतं.