इंग्रजांच्या काळची मातीची पेटी, गिरणाकाठच्या वावरात

यंदा पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून झाल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यात गिरणा नदीकाठच्या आमच्या वावराची माती तपासायला द्यायची होती. मनात एक खूळ आलं. एक नमुना आजच्या रीतीने काढायचा आणि दुसरा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांच्या रीतीने. भडगावला त्या काळीच सरकारी नमुना शेत होतं, त्यामुळे हे खूळ आमच्या शिवारात अगदीच परकं नव्हतं, अशी मी घरच्यांची समजूत काढली.

आजची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बांध, झाड, उकिरडा, विहिरीचा काठ टाळून वावरात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात टाकायची. जस्त, लोह तपासायचं असेल तर घमेलंही प्लास्टिकचं आणि खरवडायला लाकडी पट्टी. मग ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या गोणीत चुकूनही भरायची नाही. हे एका सकाळचं काम.

जुन्या रीतीने मात्र घाम काढला. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या सूचना अशा होत्या: 6 इंच लांब, 6 इंच रुंद आणि 9 ते 12 इंच खोल लाकडी पेटी करून घ्या. शेतात 12 इंची चौकोन आखा. भोवती तिरका चर खणून मधला ठोकळा न हलवता उभा ठेवा. तो तासून पेटीच्या मापाचा करा, पेटी उपडी घालून दाबा, खालून फावडं सारून उचला, उलटी करा, झाकण ठोका आणि मालगाडीने किंवा पार्सलने पाठवा. म्हणजे माती शेतात जशी होती तशीच, थरासकट, रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर पोहोचते.

याच सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, वर्षभर फिरले आणि 1893 साली त्यांचा शेतीवरचा अहवाल छापून आला. इथला शेतकरी अडाणी नाही, हे त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं. त्यांच्यामागोमाग 1892 मध्ये जे. डब्ल्यू. लेदर सरकारी कृषी रसायनशास्त्रज्ञ म्हणून आले. 1898 मध्ये त्यांनी देशातल्या मातीचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभा असे चार मोठे गट मांडले.  

सुताराने सागाच्या फळ्यांची पेटी करून दिली. चर खणायला लागलो तर आमचे सालदार काका बांधावर बसून बघत होते. "भाऊ, वावरले पेटीमा टाकी कोठे धाडी राहिनात?" म्हणजे शेत पेटीत घालून कुठे पाठवताय? मी विलायतेला म्हटलं. त्यांनी तंबाखू मळत मान हलवली, म्हणजे पोरगं शिकून बिघडलं.

एप्रिलची भारी काळी जमीन. हात आत जाईल एवढ्या भेगा. कुदळीचा घाव पडला की ठोकळा भेगेवर फुटायचा आणि पेटीत जायला ढेकळंच उरायची. इंग्लंडातल्या ओलसर मातीसाठी लिहिलेली सूचना आमच्या उन्हाळ्याला लागू पडेना. शेवटी काकाच उठले. तेवढ्या तुकड्याला पाणी सोडलं, वापसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, थांबायला लावलं, आणि मग कुदळ बाजूला ठेवून खुरप्याने तासायला बसवलं. पेटी बसली. खालून फावडं घालताना माती अशी चिकटली की ते फावडं दोघांनी मिळून ओढलं.

तासताना जे दिसलं त्यासाठीच ही मेहनत करावी. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला तिरके, चकचकीत पापुद्रे होते. माती पावसात फुगते आणि एकमेकीवर घासते, त्याच्या खुणा. मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे. आणि जवळजवळ तळाशी, एका बुजलेल्या भेगेत, वरची भुसभुशीत माती आणि कपाशीचं वाळलेलं पान. म्हणजे ज्या थरांना धक्का लागू नये म्हणून हा खटाटोप, ते थर आमची जमीन दर उन्हाळ्यात स्वतःच ढवळते. पेटीचा मुख्य गुणच काळ्या मातीत निम्मा वाया जातो, असं माझं मत झालं.

प्रयोगशाळेत पेटी पाहून खिडकीवरचा माणूस हसला. "पिशवीतच लागते." मी पेटीतली वरची आणि खालची माती वेगळी करून दोन पिशव्या भरल्या. तिसरी नेहमीची. प्रत्येकीवर गट नंबर, पीक, तारीख.

त्या काळी माती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचा आम्लात विरघळेल तेवढा साठा मोजायचे. पण कोठारात धान्य आहे म्हणून ताटात येतंच असं नाही. 1894 साली बर्नार्ड डायर यांनी मुळांच्या रसाच्या जवळ जाणारं एक टक्का सायट्रिक आम्ल वापरायला सुचवलं. आमच्या चुनखडीच्या मातीत तेही लंगडं पडतं, चुना ते आम्ल मारून टाकतो. म्हणून आज आपल्याकडे स्फुरद ऑल्सेन पद्धतीने, सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने काढतात. ती 1954 ची.

तिन्ही पिशव्यांचे अहवाल आले. सामू (पीएच) आठच्या वर, पालाश भरपूर, स्फुरद बेताचं, जस्त कमी. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन, तर दिसायला इतक्या काळ्या मातीत लाज वाटावी इतका कमी. काळा रंग म्हणजे कस, हे आमच्या आजोबांपासून चालत आलेलं. अहवालाने ते पुसलं. वरच्या आणि खालच्या पिशवीत फरक होता, पण थोडाच, आणि नेहमीच्या पिशवीने तेच सांगितलं. खताचा हिशोब करायला ती पुरेशी आहे.

जस्त कमी म्हणून पावसाआधी झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाकायचं ठरलंय. केळीच्या गटाचा नमुना अजून बाकी आहे. तिथे 30-30 सेंमीचे थर वेगळे काढावे लागतात, आणि काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पेटी आणायची नाही.