तुम्ही विचारलंत म्हणून: सलाइन का कमी केलं?

"सिस्टर, एवढं मोठं ऑपरेशन झालंय आणि तुम्ही सलाइन कमी करताय? एक बॉटल तरी लावा, ताकद येईल." व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनच्या, पेशंटच्या घरचे हे हमखास विचारतात. इंदूरला देवास, धार, खरगोनकडूनही पेशंट येतात. सिस्टर मराठी आहे म्हटल्यावर आपल्या इथल्या रामबागेकडचे मराठी काका-काकू तर मोकळेपणानं विचारतात. मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून नीट सांगते.

ताकदीचं आधी. नॉर्मल सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. धडधाकट माणसानंही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात, ते एका बाटलीतच संपत आलं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. त्यानं जखम भरत नाही.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि पित्तनळीचा काही भाग काढतात. उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर आतड्याला जोडतात. हे नवे जोड आतड्याच्या नाजूक भिंतीवर असतात. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, दिलेलं पाणी रक्तात न राहता बाहेर पाझरतं. आतडं सुजतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, फुप्फुसं जड होतात. म्हणून पेशंटचे पाय सुजलेले आणि बीपी मात्र कमी, असं एकाच वेळी दिसतं. पाणी शरीरात आहे, पण हवं तिथे नाही.

मग कोरडंच ठेवावं का? तेही नाही. 2018 मध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे 3000 पेशंटांवरचा एक अभ्यास आला. त्यात सलाइन देताना हात फार आखडता घेतलेल्या गटात किडनीला इजा जास्त झाली, 8.6 टक्के; सढळ दिलेल्या गटात 5 टक्के. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण "कमी म्हणजे चांगलं" हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे.

म्हणून मोजावं लागतं. लघवीच्या पिशवीला छोटा डबा असतो, दर तासाला तो बघून आकडा लिहायचा. साठ किलोच्या माणसाला तासाला 30 मिली साधारण पुरे. पहिल्या रात्री शरीर स्वतःच पाणी धरून ठेवतं, लघवी थोडी उतरते. लगेच बाटली लावायची घाई करत नाहीत. बीपी, नाडी, हातपाय गरम आहेत की गार, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की हे वाढतं), सगळं मिळून बघतात. ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) आणि राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) यांतून गेलेलं पाणी वेगळं लिहितो, त्यातून मीठ आणि पोटॅशियमही जातं. रोज सकाळी वजन करतो. एका रात्रीत दोन किलो वाढलं तर ते दोन लिटर पाणीच, मांस नव्हे. नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, तोही लिहिते. पुढे दोन-चार दिवसांत हे पाणी रक्तात परत येऊ लागतं, लघवी भरभरून होते. घरचे घाबरतात, आम्हाला मात्र हायसं वाटतं.

तहानेचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. मे महिन्यात इंदूरच्या उकाड्यातून आलेला मुलगा वडिलांचे कोरडे ओठ बघतो, तेव्हा त्याला "थांबा" म्हणणं जड जातं. उलटी नसेल, आतडी हलू लागली असतील तर हल्ली घोटघोट पाणी लवकर सुरू करतात. ट्यूबमधून बरंच येत असेल तर थांबावंच लागतं. तोवर ओल्या गॉजनं ओठ पुसा, बाबांना चूळ भरू द्या.

आणि न राहवून दोन घोट पाजलेत, तर मला सांगा. मी रागावणार नाही. पण ते चार्टवर यायला हवं, कारण डॉक्टर त्याच आकड्यांवरून पुढची बाटली लिहितात.